केदारनाथला जाताना ही गावं सोडू नका

केदारनाथ यात्रेवरचा लेख छान, पण त्यात वाटेवरच्या गुप्तकाशीचा उल्लेख फक्त 'मुक्कामाला सोयीचं' एवढाच का? तिथल्या विश्वनाथ मंदिरासमोर मणिकर्णिका कुंड आहे. त्यात दोन धारा पडतात, एक गंगेची मानतात, एक यमुनेची. यात्रेच्या गाड्या हॉटेलवर थांबतात आणि पहाटे निघतात, मंदिर राहूनच जातं. फार वाईट वाटतं.

मंदाकिनी नदीच्या पलीकडच्या काठावर, गुप्तकाशीसमोर, उखीमठ. भाऊबीजेला केदारनाथाचे दरवाजे बंद झाले की देवाची डोली (पालखी) इथल्या ओंकारेश्वर मंदिरात येते आणि हिवाळाभर पूजा इथेच होते. ज्येष्ठांना गौरीकुंडाहून वरची चढण झेपत नसेल, तर त्यांना हिवाळ्यात इथे जरूर आणा. दर्शन निवांत होतं, गर्दीत कुणी ढकलत नाही.

आणि त्रियुगीनारायण! सोनप्रयागहून गाडीरस्ता थेट गावात जातो. शिवपार्वतीचं लग्न इथे लागलं अशी श्रद्धा आहे, त्या होमाची धुनी आजही पेटती ठेवतात. आपण एक लाकूड अर्पण करायचं आणि चिमूटभर राख पुडीत बांधून घ्यायची. माझ्या आईने ती देव्हाऱ्यात ठेवली आहे. एक दिवस जास्त काढा, पण जा. पावसाळ्यात मात्र नको, दरडी कोसळतात.