मागच्या डाव्या दाराच्या काचेबद्दल तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई. तुम्ही दोन स्टार देऊन लिहिलंत की दुसऱ्या मेकॅनिकने काच वर-खाली करणारी मोटर गेल्याचं पाच मिनिटांत सांगितलं, आम्ही मात्र गाडी संध्याकाळपर्यंत ठेवली, नवा पार्ट न टाकता तपासणीचे पैसे लावले आणि आता ड्रायव्हरच्या बाजूची काचही हळू चढते. तुमचा राग मी समजू शकतो, पण बिल कशाचं होतं ते सांगायलाच हवं.

मोटर चांगली होती. डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, काढून आम्ही तिला थेट बॅटरीचा करंट दिला, तेव्हा काच खाली-वर दोन्हीकडे जोरात गेली. म्हणजे काच उचलणारं मशीनही ठीक. त्या मेकॅनिकला मी दोष देणार नाही. कपलरवर, म्हणजे मोटरच्या वायरी जोडणाऱ्या प्लगवर, मीटर लावला तर १२ व्होल्ट दिसत होते आणि मोटर हलत नव्हती, त्यावरून कोणीही मोटरच गेली म्हणेल. पण मीटर करंट जवळजवळ खेचतच नाही. वायरीच्या आत एखादाच धागा शाबूत असला तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. त्याच जागी आम्ही बल्ब लावला, तर तो जेमतेम लुकलुकला. मोटरला चालायला काही अँपिअर लागतात, ते त्या एका धाग्यातून जाणार कुठून? शिवाय दार अर्धवट उघडं धरलं की काच चालायची आणि लावलं की थांबायची. दार आणि ते ज्या खांबाला बिजागरीने जोडलेलं असतं त्याच्या मधल्या रबरी नळीत वायर तुटली की असंच होतं, कारण प्रत्येक वेळी दार उघडताना वायर तिथेच वाकते.

वेळ गेला तो इथे. तुटलेली टोकं पिळून टेप मारली असती तर काम लवकर झालं असतं, पण महिन्याभरात गाडी परत आली असती. सोल्डर केलेला सांधा कडक होतो, तो वाकणाऱ्या जागी ठेवला की त्याच्या कडेला वायर पुन्हा तुटते. म्हणून नळीतून बारीक धाग्यांची नवी वायर ओढली आणि सांधे एकीकडे दाराच्या आत, दुसरीकडे केबिनमध्ये घेतले. त्यासाठी दोन्हीकडचे पॅड उघडावे लागतात. तुमची गाडी ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुराच्या पाण्यात उभी होती, हे तुम्हीच सांगितलं होतंत. त्यामुळे खांबाखालचा कपलरही उघडला. पिनांवर हिरवट थर होता, तो साफ केला. बडोद्यात त्या पुरातून निघालेल्या गाड्यांचे हे कपलर मी न पाहता सोडत नाही. शेवटी पॅडमागचं प्लॅस्टिक नीट चिकटवलं, नाहीतर पावसाचं पाणी आत उतरतं.

तपासणीचे पैसे वेगळे लागतील, हे दार उघडण्याआधीच सांगितलं होतं. गाडी न्यायला तुमचे चिरंजीव आले, तेव्हा तुटलेल्या वायरीचा तुकडा त्यांच्या हातात दिला होता. मोटर बदलली असती तर खर्च याहून कितीतरी जास्त झाला असता आणि काच तरीही चालली नसती.

आता ड्रायव्हरच्या काचेचं. त्या दाराला आम्ही हात लावलेला नाही. तुम्ही लिहिलंय की ती दुपारी जास्त अडते, त्यावरून मला काच ज्या रबरी खाचेतून सरकते त्या रबर चॅनेलचा संशय येतो. धुळीने आणि उन्हाने रबर कोरडं पडलं की काचेला धरून ठेवतं आणि सगळा भार मोटरवर येतो. कृपा करून त्यात तेल किंवा ग्रीस घालू नका, त्याने रबर फुगतं. चॅनेल पुसून सिलिकॉन स्प्रे मारायचा असतो. काच अडली की बटण दाबून धरू नका. मोटर तापली की आतलं संरक्षण तिला थांबवतं, गार झाल्यावर ती पुन्हा चालते. पण हे रोज होत राहिलं तर त्या दाराची चांगली मोटरही जाईल.

गाडी घेऊन या, त्या काचेच्या तपासणीचे पैसे मी घेणार नाही. दुपारीच आणा, थोडा वेळ उन्हात उभी करून. काच अडते तेव्हाच तपासलेली बरी, आणि या वेळी तुम्ही स्वतः समोर उभ्या राहून बघा.