पानाला जोडीदार मिळत नाही

'निसर्गातून प्रेरणा घेऊन हाताने घडवलेले दागिने' असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक बाई उभी राहते. झाडाखाली निवांत बसलेली, केस वाऱ्यावर, हातात नाजूक तार, ओठांवर हसू. ही बाई मला अजून भेटलेली नाही. मी जिला ओळखते तिच्या डोळ्यांवर गॉगल असतो, तोंडावर मास्क, हातात रबरी मोजे. खिडक्या सताड उघड्या असतात आणि ती दारातल्या माणसावर खेकसत असते, "आत येऊ नकोस आणि पंखा तर अजिबात लावू नकोस!" प्रेरणा निसर्ग देतो, यात वाद नाही. पण ती एकदा दिली की तो जे हात वर करतो, ते करतोच.

सगळ्या छळाचं मूळ एकच आहे: माणसाला कान दोन असतात. गळा एक, त्यामुळे गळ्याशी माझं भांडण नाही. एक देखणं पान सापडलं, त्याचं पेंडंट केलं, विषय संपला. पण लोकांना हवं असतं कानातलं. कानातल्याला जोड लागते, आणि निसर्गाने एकसारखी दोन पानं अजून केलेली नाहीत. एकाच फांदीवरची शेजारशेजारची पानं घ्या. एक लांबट, दुसरं रुंद. लांबी जुळली तर देठ जुळत नाही. देठ जुळला तर एकाच्या कडेला अळीने चावा घेतलेला असतो, आणि तोसुद्धा बरोबर मधोमध. बिगोनियाचं पान तर जन्मतःच लंगडं: शिरेची एक बाजू मोठी, एक लहान. त्याची जोडी लावायची तर एक डावखुरं पान लागतं आणि एक उजवं. झाडाखाली उकिडवं बसून पानावर पान ठेवून उजेडाकडे धरणाऱ्या बाईकडे येणारेजाणारे कसे बघतात, ते मी सांगायला नको.

घरच्यांनी आता ही मोहीम मनावर घेतली आहे, आणि तेच जास्त त्रासाचं आहे. नवरा फिरायला गेला की खिसे भरून परत येतो. "हे बघ, अगदी डिट्टो!" असं म्हणून तो टेबलावर दोन पानं ठेवतो. दोन्ही हिरवी आहेत, एवढंच त्यांचं साम्य. आई वाळलेली फुलं जपून रुमालात बांधून आणते आणि गाठ सोडेपर्यंत त्यांचा भुगा झालेला असतो. मुलीला कुठेतरी एक मेलेला भुंगा सापडला, तो तिने माझ्या मण्यांच्या डबीत ठेवून दिला. रंग मात्र काय होता त्याचा! मोरपिशी, वर सोनेरी झाक. पण एकच होता.

पान मिळालं की त्याची जाळी करायची. हे काम वाचताना फार काव्यमय वाटतं. जाड, चिवट पान घ्यावं, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तास-दोन तास उकळावं, मऊ ब्रशने गर काढावा, शिरांची नाजूक जाळी उरते. यात वासाचा उल्लेख कुणी करत नाही. उकळत्या पातेल्यातलं पाणी हळूहळू काळपट तपकिरी होतं आणि घरभर असा दर्प सुटतो की एकेक जण काहीतरी काम काढून बाहेर पडतो. मग बशीत थोडं पाणी घेऊन पान त्यात पसरायचं आणि ब्रश घासायचा नाही, नुसता टेकवत जायचं. टप, टप, टप. हिरवा चिखल सुटतो, खालून शीर दिसते, शिरेतून फुटलेली उपशीर दिसते, तिच्यातून केसाएवढी आणखी एक. श्वास रोखून तासभर असं केलं की सगळं पान पारदर्शक होतं. शेवटी टोकाशी गराचा तांदळाएवढा कण उरतो. तो निघताना टोक घेऊनच निघतो. दर वेळी. बाकीचं पान शाबूत असतं, पण ते आता त्याच्या जोडीदारापेक्षा आखूड झालेलं असतं.

पानं नकोत तर फुलं आहेत. फुलावर रेझिन, म्हणजे हार्डनर मिसळला की काचेसारखा कडक होणारा पातळ चीक, ओतून ते कायमचं टिकवता येतं, असं म्हणतात. अट एवढीच की ते कुरकुरीत वाळलेलं पाहिजे. आत ओल राहिली तर काही दिवसांनी पाकळी तपकिरी पडते. त्यासाठी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांमध्ये फुलं गाडून ठेवायची. पांढरं फूल हा आणखी एक प्रकार. पातळ पाकळीत रेझिन मुरलं की ती काचेसारखी आरपार दिसायला लागते, म्हणजे फूल असतं पण दिसत नाही. रेझिन आणि हार्डनर पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळायचे. अंदाजपंचे घातले तर वस्तू चिकट राहते ती कायमची. ढवळायचं हळू, नाहीतर बुडबुडे. पुरेसं ढवळायचं, नाहीतर मऊ डाग. मग झाकून ठेवायचं आणि निदान एक दिवस हात लावायचा नाही.

या एका दिवसात जगातली सगळी धूळ, मांजराचा एक केस आणि एक चिलट त्याच साच्याकडे निघतात. बाल्टिक समुद्राकाठच्या अंबरमध्ये, म्हणजे दगडासारख्या घट्ट झालेल्या झाडाच्या राळेत, सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वी अडकलेले किडे सापडतात. लोक ते भिंगातून बघतात, संग्रहालयं जपून ठेवतात. माझ्या रेझिनमधल्या चिलटाला मात्र गिऱ्हाईक नाही. थोडी कळ काढावी लागेल, एवढंच.

तारेचा हिशेब वेगळा. तारेचा नंबर वाढला की तार बारीक होते: २० गेज म्हणजे साधारण ०.८ मिलिमीटर, २६ गेज म्हणजे ०.४. हे ज्याने ठरवलं त्याला कुणी कधी अडवलं नाही, याचं मला नवल वाटतं. तांब्याची तार वाकवत गेलं की ती कडक होत जाते आणि फार लाड केले की मोडते. लाल होईपर्यंत तापवली तर पुन्हा मऊ पडते, पण आत फूल गुंफलेलं असेल तर ते कसं तापवणार? तारेची वेलीसारखी गुंडाळी करायची असते. गोल तोंडाच्या पकडीने पहिली गुंडाळी अशी सुरेख येते की ती बघत बसावंसं वाटतं. दुसऱ्या कानाची गुंडाळी उलट्या दिशेने हवी, आणि उलटी दिशा माझ्या मनगटाला मान्य नाही.

शिंपल्यांचं भोक हे वेगळंच प्रकरण. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीचे भोकं पाडलेले छोटे शंख सापडले आहेत. त्या माणसांकडे ड्रिल नव्हतं, गॉगल नव्हता. माझ्याकडे सगळं आहे आणि तरी शिंपला फुटतो तो भोक आरपार होताना, शेवटच्या क्षणी. त्याची पूड फुप्फुसांना वाईट, म्हणून काम पाण्यात बुडवून करायचं. म्हणजे गढूळ पाण्यात, न दिसणाऱ्या शिंपल्याच्या न दिसणाऱ्या जागी.

निसर्गात जोडी जुळणारी एक गोष्ट मात्र मला सापडली आहे: गुंज. लालबुंद, टोकाला काळा ठिपका, आकाराने जवळजवळ सारखी. इतकी सारखी की सोनं तोलायला पूर्वी तिचं वजन वापरत. आणि तिच्यात अ‍ॅब्रिन नावाचं जहाल विष असतं, त्यामुळे ड्रिलखाली धरायची ती नेमकी हीच नाही.

माझा आदर ज्याच्याबद्दल आहे तो फ्रेंच दागिनेकार रने लालिक. १८९७-९८ च्या सुमारास त्याने सोनं, मीनाकारी, मूनस्टोन, हिरे वापरून चतुर नावाच्या किड्याचा एक दागिना घडवला: चतुराच्या तोंडातून बाहेर आलेली बाई, पाठीला पंख, पुढे सोन्याचे पंजे, पंखांची रुंदी वीतभराच्या वर. लिस्बनच्या गुल्बेंकियान संग्रहालयात तो आहे. लोक त्याच्या कारागिरीचं कौतुक करतात. मी त्याच्या व्यवहारज्ञानाचं करते. तो दागिना छातीवर लावायचा. एकच. कानात नाही.

एवढं सगळं करून वस्तू तयार झाली की अभिप्राय येतात. "अय्या, किती सुंदर, अगदी मशीनवर केल्यासारखं!" हे कौतुक असतं. "हुबेहूब पानासारखं दिसतंय" असं म्हणणारीला ते पानच आहे हे सांगितलं की तिचा चेहरा पडतो. तिला वाटत असतं मी ते घडवलंय. "घरीच करतेस? मग वेळ छान जात असेल" असंही येतं. आणि एक जात असते ती दोन्ही कानातली तळहातावर घेऊन डोळे बारीक करते. तिला मी 'हाताचं काम म्हणजे थोडा फरक असणारच' हे वाक्य ऐकवते. कारखाने मशीनवरच हातोडीने ठोकल्यासारखे खड्डे पाडून 'हाताचं' म्हणून विकतात, तेव्हा हे वाक्य मीही बिनधास्त वापरते.

मध्यंतरी आत्तेबहिणीचा फोन आला. तिला मी जाळीच्या पानांची जोडी दिली होती. ती जुळवताना माझा एक अख्खा मोसम गेला होता, आणि तरी डावं पान उजव्यापेक्षा केसभर आखूड राहिलं, म्हणून कितीतरी रात्री मला झोप नव्हती.

"अगं, एक हरवलं," ती म्हणाली. "पण एकच हं! म्हणजे तुला अर्धंच काम. तसंच दुसरं करून दे ना."

मी आवंढा गिळला. "हरवलंय ते कुठलं? आखूड की लांब?"

पलीकडे आवाज नाही. मग ती म्हणाली, "म्हणजे ती सारखी नव्हती?"