प्रिंटरच्या पोटातली गोधडी

घरच्या इंकजेट प्रिंटरवर कापडही छापता येते, हे वाक्य मी परवा ज्या गृहस्थांसमोर उच्चारले ते प्रिंटर दुरुस्त करणारे होते आणि माझा प्रिंटर त्या क्षणी त्यांच्यापुढे झाकण उघडून निपचित पडला होता. त्यामुळे विधानाला अपेक्षित वजन आले नाही.

पद्धत मात्र सरळ आहे. जुन्या सुती साडीची खळ धुऊन काढायची, इस्त्री करून कापड ए-फोर स्टिकर कागदावर चिकटवायचे, कडेचे दोरे कातरायचे आणि यंत्राच्या मागच्या फटीतून आत सोडायचे, कारण पुढच्या ट्रेमधून गेलेल्या कागदाला आत कोलांटी मारावी लागते. कापडाच्या उलट्या बाजूवर गोधडीच्या तुकड्यांसाठी १ इंच बाजूचे षटकोन छापले जातात आणि भोवती पाव इंच शिलाईची जागा राहते. ‘पानात बसवा’ हा पर्याय तेवढा आठवणीने बंद करावा. यंत्राने परस्पर ३ टक्के आकार घटवला, तर २० षटकोनांच्या ओळीतून जवळजवळ १ इंच गोधडी नाहीशी होते आणि ती ओळ आधी शिवलेल्या पट्टीशी जन्मात जुळत नाही.

हे सगळे ऐकून घेतल्यावर त्या गृहस्थांनी कार्यालयात फोन लावला.

“सर, कस्टमरनं कापड घातलंय. नाही सर, पुसायला नाही, छापायला. गोधडीसाठी. गो-ध-डी. हो, बोलतायत तशा व्यवस्थित.”

फोन ठेवून त्यांनी मला धीर दिला. त्यांच्या सांगण्यानुसार प्रिंटरमधून आजवर पाली निघाल्या आहेत, मुलांनी टाकलेली नाणी निघाली आहेत, आणि दसऱ्याला यंत्राची पूजा करणाऱ्या घरांतून तर अक्षता हमखास निघतात. “पण त्यात मुद्दाम कोणी करत नाही, मॅडम,” असे म्हणून त्यांनी माझ्याकडे जे पाहिले, त्यात पालीविषयी अधिक सहानुभूती होती.

मग चिमटा आत गेला आणि रूळाखालून जे बाहेर आले तो कागद होता. साधा, पातळ, दमट कागद. शेजारच्या काकांच्या पेन्शनच्या अर्जाचा कोपरा, त्यावर काकांचे अर्धे आडनाव. काका आमच्याकडे छापायला येतात आणि स्वतःचा कागद आणतात, कारण उपकार नकोत. कापडाचा एक दोराही आत सापडला नाही. मी तसे म्हटले.

“बरोबर आहे तुमचं,” ते म्हणाले, “पण सरांना मी कापड सांगून बसलोय. आता कागद लिहिला तर ते विचारतील, मग कापडाचं काय झालं?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मोबाइलवरील अर्जात ‘परकी वस्तू’ या चौकोनात खूण झाली आणि त्यासरशी दुरुस्ती वॉरंटीबाहेर गेली. कागद वेडावाकडा ओढणारे, मधूनच दोन-दोन पाने गिळणारे हे यंत्र या हिशेबात निर्दोष ठरले. पैसे मी भरले. वर, शाई फवारणारे ‘हेड’ स्वच्छ करण्याच्या निमित्ताने त्यांनी माझीच शाई इतक्या वेळा वाहू दिली की निळी संपली. आणि निळी संपल्यावर हे यंत्र काळी रेघसुद्धा छापत नाही. काळ्या रेघेत निळ्याचे काय काम, असे विचारले असता ती कंपनीची पद्धत असल्याचे कळले. छापण्यापेक्षा स्वच्छ होण्यातच ज्याची शाई खर्च होते, अशा वस्तूला उपकरण का म्हणावे, हे मला अजून उमगलेले नाही.

संध्याकाळी पावती आली. शेरा होता, ‘ग्राहकास यंत्राच्या योग्य वापराबाबत समज देण्यात आली.’ खाली सही होती. त्यांच्या मोबाइलच्या काचेवर बोटाने गिरवलेली, माझीच.