खुलासा: जपानी मेंदूज्वराची लस माकडताप थांबवत नाही

दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या ग्रुपांवर फिरतंय: ‘बाळाला जपानी मेंदूज्वराची लस झालीय? मग गोचिडीची भीती नाही.’ हे चूक आहे. जपानी मेंदूज्वर डासांमुळे होतो. माकडतापाचा विषाणू वेगळा, १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला, आणि तो येतो गोचीड चावल्याने. काहींचा ताप उतरून पुन्हा चढतो, मेंदूवर परिणाम होतो.

काजू वेचताना बाळाला पाचोळ्यावर निजवू नका, ही कळकळीची विनंती. बागेतून आल्यावर आधी आंघोळ करा, कपडे बदला, मगच त्याला जवळ घ्या. गोचीड चिकटलीच तर रॉकेल नको, चटका तर नकोच. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, जागा साबणाने धुवा. ताप आला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा आणि गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा.