दहाव्या चालीवर वजीर: दोष त्या चालीचा नव्हे

१९९९ साली बुद्धिबळपटू गॅरी कास्पारोव्ह (पांढरी मोहरी) विरुद्ध संपूर्ण जग (काळी मोहरी, मतदानाने चाली ठरवणारा जागतिक संघ) असा जो बुद्धिबळाचा डाव इंटरनेटवर रंगला, त्यात जागतिक संघाने सिसिलियन बचावात (काळ्याच्या एका प्रसिद्ध सुरुवातीच्या पद्धतीत) दहाव्याच चालीला वजीर ई६ या घरावर आणला आणि 'या उतावळेपणाची किंमत पुढे मोजली', हे या डावावरील लेखातील विधान मला मुळीच पटले नाही. तेव्हा अवघ्या पंधरा वर्षांच्या असलेल्या अमेरिकन बुद्धिबळपटू इरिना क्रश हिने सुचवलेली ही चाल पटाच्या नेमक्या गरजेतून आली होती. दोन्ही बाजूंचे पांढऱ्या घरांतले उंट चौथ्या चालीपर्यंतच मारले गेल्यामुळे कास्पारोव्हच्या सी४ वरील प्याद्याला कोणताही आधार उरला नव्हता, आणि ई६ वरून वजीर त्या प्याद्यावर व ई४ वरील प्याद्यावर एकाच वेळी नजर ठेवत होता.

कास्पारोव्हच्या घोड्याच्या शहामुळे काळा राजा डी७ वर आला, किल्लेकोटाचा (राजा व हत्ती एकाच चालीत हलवण्याचा) हक्क गेला आणि काळ्याचा हत्तीही पडला, हे खरे. पण त्या बदल्यात काळ्याला घोडा आणि दोन प्यादी मिळाली, ही बाब लेखात यायलाच हवी होती. मी स्वतः ही स्थिती मित्राबरोबर दोन्ही बाजूंनी अनेकदा खेळून पाहिली आहे. पांढऱ्याकडून खेळताना ती सोपी आहे असे मला एकदाही वाटले नाही. डाव ६२ चालींपर्यंत चालला आणि त्याचा निर्णय वजीर व प्याद्यांच्या अखेरच्या टप्प्यात झाला, दहाव्या चालीवर नव्हे.