‘नसती प्लेट घालून ९०० रुपये उकळले’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

दादा, नमस्कार. आठ दिवसांत देतो म्हटलेली गाडी तेराव्या दिवशी मिळाली, मध्ये तुमचे दोन हेलपाटे झाले. चूक आमची आहे, माफी मागतो.

पण ‘लाँग रॉडच्या नावाखाली ब्लॉकखाली नसती प्लेट घालून ९०० रुपये उकळले, वर पिक-अपही गेला’ असं चारचौघांत लिहिलंत, ते फार लागलं. बावीस वर्षं क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा इंजिनातला दांडा) प्रेस करतोय, फुकटच्या पैशाला कधी हात लावलेला नाही. तुमचं वाचून दोन गिऱ्हाइकांनी काम थांबवलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या यामाहा आरएक्स १०० चा बोअर (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीचा व्यास) ५० मिमी, स्ट्रोकही (पिस्टनची वर-खाली धाव) ५०. पिस्टन क्रँकला जोडणारा रॉड तुम्हीच आणलात, मूळच्यापेक्षा ५ मिमी लांब. रॉड लांबला म्हणून स्ट्रोक वाढत नाही, सीसी वाढत नाही. पिस्टन तेवढाच वर-खाली होतो, पण सगळीकडे ५ मिमी वर राहून. प्लेट न घालता ब्लॉक (पिस्टनची नळी असलेला भाग) बसवला असता तर पिस्टन थेट हेडला, म्हणजे वरच्या झाकणाला, धडकला असता आणि खाली पोर्ट (वायू आत-बाहेर जायची भोकं) पूर्ण उघडले नसते. म्हणून ५ मिमीची ॲल्युमिनियम प्लेट. दोन्ही तोंडं समांतर हवीत, ट्रान्सफरच्या वाटा (खालून पिस्टनच्या वर पेट्रोल-हवा नेणाऱ्या) ब्लॉकशी जुळवून कापाव्या लागतात, शिवाय जादा पॅकिंग आणि लांब स्टड. ९०० त्यातच गेले.

आता पिक-अप. प्लेटमुळे पिस्टनखाली जवळपास १० सीसी जागा वाढते, क्रँककेसचा (क्रँक असलेल्या खालच्या कप्प्याचा) दाब उतरतो, मग कमी आरपीएमला ओढ मऊ पडते. इंजिन उघडायच्या आधी हे मी सांगितलं होतं, तुमचे मित्रही तिथंच उभे होते. लांब रॉडचा फायदा वेगळा आहे. रॉड कमी तिरका होतो, पिस्टन बोअरच्या भिंतीवर कमी रेलतो, झीज कमी. तोही थोडाच. १०० मिमीचा रॉड धरला तर तिरकेपणा जास्तीत जास्त साडेचौदा अंश, १०५ ला पावणेचौदा. एवढ्यासाठी खर्च करू नका, असंही म्हणालो होतो.

आणि नव्या बोअरवर तिसऱ्याच दिवशी डबल सीट पन्हाळा चढवलात, ते तुमच्याच स्टेटसला पाहिलं. पहिले ५०० किलोमीटर सांभाळून चालवा, हे बिलावर लिहिलं होतं.

यापुढे जादा कामाचा खर्च आधी कागदावर द्यायचा प्रयत्न करू. गाडी घेऊन या, कार्बोरेटरचं सेटिंग बघून देतो, त्याचे पैसे घेणार नाही. सोमवारी दुकान बंद असतं.