सुजलेली पोटरी रगडू नका, काका

‘पोटरी म्हणजे तुमचं दुसरं हृदय, पायातलं रक्त हृदयाकडे परत नेण्याचं सगळं काम तिचंच’ हा मेसेज काकांनी आमच्या घरच्या ग्रुपवर तीनदा टाकला. दोनदा मी गप्प बसले. तिसऱ्यांदा आईने तो अमलात आणला.

नागपूरहून रात्रभर बसमध्ये अवघडून ती कोथरूडला परतली आणि दुसऱ्या दिवशी तिची डावी पोटरी सुजली. उजवा पाय ठणठणीत. डावा गरम, हात लावला तरी कळ. मेसेजमधला तिसरा मुद्दा नेमका यावरच होता: ‘वर्षानुवर्षं साचलेलं निळं, अशुद्ध रक्त सूज आणतं. कोमट तिळाचं तेल लावून खालून वर जोरात चोळा. दुखलं तर समजा, गुठळी विरघळतेय.’ मी संध्याकाळी पोचले तेव्हा तेलाची वाटी पलंगाशी होती आणि कामाच्या मावशी आईची पोटरी रगडत होत्या.

डॉप्लर तपासणीत, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, खोलवरच्या शिरेत गुठळी निघाली.

म्हणून आधी हा तिसरा मुद्दा. पायातून निघालेलं रक्त मांडीतून पोटातल्या मोठ्या शिरेत, तिथून हृदयाच्या उजव्या बाजूला आणि पुढे थेट फुप्फुसात जातं. गुठळीचा तुकडा सुटला तर तोही याच वाटेने जातो. वाटेतल्या शिरा रुंद होत जातात, त्यामुळे तो कुठे अडत नाही. अडतो तो फुप्फुसातल्या रोहिणीत (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीत), आणि तुकडा मोठा असला तर माणूस तिथल्या तिथे जाऊ शकतो. म्हणजे ज्या परतीच्या प्रवाहाचं मेसेज इतकं कौतुक करतो, तोच गुठळीचं वाहन आहे. प्रत्येक गुठळी सुटतेच असं नाही, पण ती सुटावी म्हणून खालून वर रगडायचं? एकाच पायाला अचानक सूज, उष्णता, दुखणं असेल तर हात लावू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आईला गोळ्या दिल्या त्याही गुठळी वाढू नये म्हणून. त्यांना सगळे ‘रक्त पातळ करणाऱ्या’ म्हणतात. पातळ काही होत नाही, गोठण्याची क्रिया मंदावते आणि गुठळी शरीर स्वतःच सावकाश विरघळवतं.

‘वर्षानुवर्षं साचलेलं’ हे तर १६२८ सालीच निकालात निघालं आहे. विल्यम हार्वे या इंग्लिश डॉक्टरने साधा हिशेब मांडला: एका ठोक्याला हृदयातून जेवढं रक्त बाहेर पडतं, त्याला अर्ध्या तासातल्या ठोक्यांनी गुणा. उत्तर अंगातल्या एकूण रक्तापेक्षा जास्त येतं. म्हणजे तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरत असणार. आज आपल्याला माहीत आहे की मोठ्या माणसात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि स्वस्थ बसलेलं हृदयही मिनिटाला जवळपास तेवढंच ढकलतं. हार्वेने दंडाला पट्टी बांधून शिरेवर बोट फिरवायचा प्रयोगही दाखवला: रक्त हृदयाकडे सरकतं, उलट ढकललं तर शिरेतल्या झडपांशी थांबतं. लॅबमध्ये शिरेतून काढून बाटलीत भरलेलं रक्त कोणी निळं पाहिलंय का? ते गडद लाल असतं आणि विश्रांतीत त्यात तीन चतुर्थांश ऑक्सिजन शिल्लक असतो. ‘अशुद्ध’ हा शब्द मात्र आपल्याला शाळेनेच शिकवला, त्याचा दोष काकांना कशाला देऊ.

आता ‘दुसरं हृदय’. नाइलाजाने कबूल करते, यात तथ्य आहे. स्तब्ध उभं राहिलं की पावलातल्या शिरांतला दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरपर्यंत चढतो; चालायला लागलं की पोटरीचे स्नायू आवळून शिरा पिळतात, झडपा रक्त खाली येऊ देत नाहीत आणि दाब तिसावरही राहत नाही. लक्ष्मी रोडवर दिवसभर साड्या दाखवत उभ्या असणाऱ्यांना विचारा, संध्याकाळी पाय कसे भरून येतात. पण हा पंप स्नायू स्वतः आवळला तर चालतो. पर्वतीच्या पायऱ्या चढताना तो चालतो, गादीवर पडून दुसऱ्याकडून चोळून घेताना नाही. आणि ‘परतीचं सगळं काम पोटरीचंच’ हे साफ चूक. रात्री सात तास पोटऱ्या स्वस्थ पडलेल्या असतात, तरी सकाळी आपण चहा मागतोच. हृदयाच्या ढकलण्यातला उरलेला जोर आणि श्वास घेताना छातीत कमी होणारा दाब हेही रक्त वर आणतात.

‘भिंतीला पाय लावा, ब्लॉकेज उघडतात.’ पाय वर केल्याने सूज उतरते, थकलेल्याला बरं वाटतं, इथपर्यंत ठीक. ब्लॉकेज असतात हृदयाच्या रोहिण्यांच्या भिंतीत. ते पाय वर केल्याने हलत नाहीत. उलट ज्याचं हृदय कमजोर असून आडवं पडल्यावर ज्याला धाप लागते, त्याच्या हृदयाकडे पायातलं रक्त एकदम आलं तर धाप वाढते.

शेवटचा मुद्दा, हृदयविकाराचा झटका आला तर जोरजोरात खोका. अमेरिकन हार्ट असोसिएशन या युक्तीला मान्यता देत नाही. छातीत दुखत असेल तर १०८ लावा.

काकांनी यावर ‘माहितीबद्दल धन्यवाद’ लिहिलं, आणि दहा मिनिटांनी हळदीच्या पाण्याचा मेसेज टाकला.